मंडळीतल्या सामान्य सभासदांना ईश्वरविज्ञान शिकवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ख्रिस्ती मंडळीला आपल्या सभासदांसाठी, म्हणजे पाळक किंवा धर्मगुरू नसलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसांसाठी, ईश्वरविज्ञानाचा, म्हणजे देवाविषयीच्या शिकवणीच्या अभ्यासाचा, नियमित वर्ग सुरू करायचा आहे. काही वडीलधाऱ्यांच्या मते हे पाळकांचं काम आहे, इतरांनी त्यात पडू नये. तरुणांना प्रमाणपत्र मिळणारा कोर्स हवा आहे. बऱ्याच जणांना थेट प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, सुरुवात करायची आहे. अशा वेळी काय शिकवावं, कोणी शिकवावं आणि वर्ग टिकवावा कसा?

मी बरीच वर्षं असे वर्ग घेत आलो आहे आणि वर्ग घेणारी माणसंही तयार करत आलो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीचा अभ्यासक्रम सोपा करून, त्याला कात्री लावून सभासदांसमोर ठेवला, तर वर्ग चार-सहा महिन्यांत विरतो. सभासदांच्या तोंडी देवाबद्दलची जी वाक्यं आधीपासूनच आहेत, तिथून सुरुवात केली, तर माणसं स्वतःहून पुढचं मागायला लागतात.

ही वाक्यं कुठं ऐकू येतात? दवाखान्यात, मयताच्या घरी, पगार थांबलेल्याच्या दारात. “देव परीक्षा बघतोय.” “देवाला तो जास्त आवडला म्हणून लवकर नेला.” “कुठंतरी पाप झालं असेल, आठवून बघ.” “विश्वास कमी पडला.” यातलं प्रत्येक वाक्य देव कसा आहे याबद्दलचं ठाम विधान आहे, आणि ते बोलणारा बहुतेक वेळा पाळक नसतो. पाळक येईपर्यंत शेजारची बहीण, मामा, प्रार्थनागटातली माणसं बोलून गेलेली असतात. ऐकणाऱ्याच्या मनात तेच वर्षानुवर्षं राहतं. म्हणून सामान्य माणसानं ईश्वरविज्ञानात पडावं की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी शिल्लकच राहत नाही. तो पडलेलाच आहे. त्याला त्यासाठी कोणी तयार केलं का, एवढंच विचारायचं उरतं.

वर्गाचं एक उदाहरण जरा जवळून दाखवतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

ईयोब 8:7 हे वचन पुष्कळांना पाठ असतं. तुझी सुरुवात लहान असली तरी शेवटी तुझी फार भरभराट होईल, असा त्याचा आशय. नव्या घरात, नव्या धंद्याच्या वेळी, वाढदिवसाच्या कार्डावर ते लिहिलं जातं. वर्गात मी पूर्ण आठवा अध्याय एका कागदावर छापून देतो. वचनांचे आकडे काढून टाकतो, दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा सोडतो आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिल देतो. आकडे काढण्यामागं कारण आहे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. आणि नव्या करारात आज वापरतो ते वचनांचे आकडे 1551 मध्ये रोबेर एतियेन या मुद्रकानं घातले. संदर्भ शोधायला त्यांचा मोठाच उपयोग होतो, पण त्यांच्यामुळं आपल्याला एकेक वाक्य सुटं उचलायची सवय लागली आहे. आकडे नसले की डोळा आपोआप मागं-पुढं जातो.

मग एकच प्रश्न विचारायचा: हे कोण बोलतंय, आणि कोणाला? दोन-तीन मिनिटं शांतता असते. मग कोणीतरी म्हणतं, “हा तर बिल्दद आहे, ईयोबाचा मित्र.” दुसरं कोणीतरी आणखी वर वाचतं आणि थबकतं, कारण त्याच भाषणाच्या सुरुवातीला बिल्दद ईयोबाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवानं त्यांना त्याचं फळ दिलं. ज्याची दहाही लेकरं एका दिवसात गेली आहेत, त्या बापाला हे सांगितलं जातंय. भरभराटीचं आश्वासन त्याच श्वासात येतं, आणि तेही अटीवर: तू शुद्ध असशील तर. त्यानंतर सगळ्यांना ईयोब 42:7 उघडायला सांगायचं. तिथं देव अलीफजला म्हणतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. माझा सेवक ईयोब बोलला.

इथं शिकवणाऱ्यानं गप्प बसावं. फार मोह होतो समजावून सांगायचा, पण गप्पच बसावं. थोड्या वेळानं वर्गातलंच कोणीतरी विचारतं, “म्हणजे शास्त्रात लिहिलेलं प्रत्येक वाक्य देवाचं मत नसतं?” काही जणांना हा प्रश्न ऐकून धास्ती वाटते. त्यांना दिलासा द्यायचा तो हा, की पूर्ण पुस्तक देवाचं वचन म्हणून हाती घेतलं, तरच बिल्ददचं बोलणं चुकीचं का ठरतं ते कळतं. सुटं वाक्य उचललं तर बिल्ददच आपला शिक्षक होऊन बसतो. शिवाय तेव्हाच लक्षात येतं की “कुठंतरी पाप झालं असेल” हे दवाखान्यातलं वाक्य कोणाचं आहे. अशी एक संध्याकाळ झाली की कोणालाही सेमिनरीची भाषा न शिकवता लेखनप्रकार, संदर्भ, दुःखाचा प्रश्न आणि शास्त्राचा अधिकार या चारही गोष्टींना हात घातलेला असतो.

याच पद्धतीनं पुढं यिर्मया 29 घ्या. “हिताचे संकल्प” असलेलं अकरावं वचन सगळ्यांना माहीत असतं. दहाव्या वचनातली सत्तर वर्षं फारशी कोणाला आठवत नाहीत. हा अध्याय म्हणजे बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलेलं पत्र. ते ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि त्यांना सांगितलं होतं की घरं बांधा, बागा लावा, त्या नगराचं हित पाहा. त्याच्या आधीच्या, अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या हा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सुटकेचं आश्वासन देतो. कोणाचा संदेश लोकांना जास्त आवडला असेल, असं वर्गाला विचारा आणि चर्चा कुठं जाते ते बघा.

आता वडीलधाऱ्यांच्या हरकतीकडं वळतो. ती हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या काळजीत तथ्य आहे: अर्धवट शिकून फाटे फोडणारी माणसं त्यांनी पाहिलेली असतात. पण ज्या शास्त्राच्या नावानं ते बोलतात, त्यातच याचं उत्तर आहे. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पाळक आणि शिक्षक दिले आहेत ते पवित्र जनांना सेवेच्या कार्यासाठी तयार करायला. म्हणजे तयार करणं हेच पाळकाचं काम ठरतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोस हा वक्तृत्वात आणि शास्त्रात निपुण माणूस येतो, आणि त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणारं जोडपं, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, तंबू बनवून पोट भरणारं आहे. वडीलधाऱ्यांसमोर वाद घालण्यापेक्षा हे दोन उतारे त्यांच्याबरोबर बसून वाचा.

इतिहासही त्यांच्यासमोर ठेवायला हरकत नाही. मार्टिन ल्यूथर सॅक्सनीतल्या मंडळ्यांच्या पाहणीला गेले, तेव्हा लोकांचं आणि कित्येक पाळकांचंही अज्ञान बघून हादरले, आणि 1529 मध्ये त्यांनी विश्वासाचे मुद्दे प्रश्न-उत्तरांतून शिकवणारी लहान प्रश्नोत्तरी काढली. तिच्यातल्या भागांवर लिहिलेलं असे की कुटुंबप्रमुखानं हे आपल्या घरच्यांना साधेपणानं शिकवावं. म्हणजे शिक्षक कोण, तर घरातला माणूस. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत 129 प्रश्न आहेत. पुढं ते वर्षाच्या 52 रविवारांत वाटले गेले, म्हणजे वर्षभरात मंडळीची विश्वासाच्या सगळ्या मुद्द्यांवरून एकदा उजळणी होई. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढला, आणि त्यातला एक पूर्ण प्रकरणभर मजकूर त्यांच्या शिक्षणाबद्दल आहे. या परंपरा एकमेकींपासून पुष्कळ बाबतींत दूर आहेत. इथं मात्र त्यांचं म्हणणं जुळतं.

पद्धतीच्या दृष्टीनं मला सर्वांत उपयोगी वाटते ती ग्वातेमालातली गोष्ट. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं की सेमिनरीत येऊन शिकलेले बरेच जण खेड्यातल्या मंडळ्यांकडं परत जातच नाहीत. आणि ज्यांच्यावर त्या मंडळ्या खरोखर चालतात, त्यांना शेती आणि मुलंबाळं सोडून सेमिनरीत येऊन राहता येत नाही. राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर या मंडळींनी 1963 च्या सुमारास उलटा मार्ग धरला. विद्यार्थी घरीच राहतो, स्वतः वाचायला बनवलेल्या पुस्तकांतून रोज थोडं शिकतो, आपल्या मंडळीत सेवा चालूच ठेवतो. शिक्षक आठवड्यातून एकदा जवळच्या केंद्रावर येतो आणि सगळे मिळून चर्चा करतात. ही पद्धत पुढं अनेक देशांत पसरली. तिच्यात घरचं वाचन, हातातलं काम आणि गटातली चर्चा अशा तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. यातली एक काढली की बाकीच्या दोन लंगड्या होतात. नुसतं व्याख्यान ठेवणारे वर्ग घरचं वाचन आणि हातातलं काम दोन्ही सोडतात, म्हणून त्यांतून फारसं काही उगवत नाही.

तुमच्या वर्गासाठी मी असं सुचवेन. गट सहा ते बारा जणांचा. त्याहून मोठा झाला की चार जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात. आठवड्यातून एकदा, दीड तास, वेळेवर सुरू आणि वेळेवर संपवायचं. दमून-भागून आलेल्या माणसाच्या वेळेचा मान राखला की तो पुढच्या आठवड्यात येतो. घरचं वाचन रोज वीस मिनिटांचं. मंडळीत बायकांची संख्या जास्त असेल तर वेळ त्यांना विचारून ठरवा आणि निदान एक गट चालवणारी बाई असू द्या. काही प्रश्न त्याशिवाय कधी तोंडातून बाहेरच पडत नाहीत.

क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे: आधी एक पुस्तक पूर्ण वाचायला शिकवायचं, मग विश्वासांगीकार (मंडळी एकत्र म्हणते तो विश्वासाचा जाहीरनामा), मग इतिहास, आणि वादाचे सिद्धांत शेवटी. अमेरिकेत सेवानी इथल्या विद्यापीठानं 1975 मध्ये प्रापंचिकांसाठी चार वर्षांचा कार्यक्रम सुरू केला, त्याचाही क्रम असाच आहे: जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, मग ईश्वरविज्ञान. तुम्हाला चार वर्षं घ्यायची गरज नाही, पण क्रम उलटा करू नका. शास्त्र वाचायला न शिकलेल्या माणसाला त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, असा) सिद्धांत शिकवला, तर तो शब्द पाठ करतो आणि पहिल्याच अवघड प्रश्नाला गोंधळतो.

विश्वासांगीकार शिकवताना प्रत्येक ओळ कोणत्या भांडणातून आली ते सांगा. येशू हा देवानं निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ असा जीव आहे, असं आरियस हा पाळक म्हणत होता, त्यावर 325 मध्ये नायकीयाची परिषद भरली. तोच मुद्दा आजही दारावर येऊन कोणीतरी मांडतं, आणि आपला सभासद दार लावून घेतो किंवा गप्प होतो. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावर माणसांनी हयात घालवली, हे कळलं की त्याला दारात उभं राहून शांतपणे बोलता येतं. तसंच, “बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची हे कोणी ठरवलं?” हा प्रश्न तरुण हमखास विचारतात, कारण त्यांनी कुठलातरी व्हिडिओ पाहिलेला असतो. नव्या कराराच्या आजच्याच 27 पुस्तकांची यादी आलेक्सांद्रियाचे बिशप अथनासियस यांच्या 367 च्या पत्रात आहे. पण चार शुभवर्तमानं आणि पौलाची पत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती. हे वर्गात शांतपणे ऐकलेल्या मुलाला तो व्हिडिओ हलवत नाही.

प्रकटीकरणापासून सुरुवात करू नका. उत्सुकता खरी आहे, ती मारूही नका. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ते पुस्तक ठेवा आणि तसं आधीच जाहीर करा. त्यात जुन्या कराराचे शेकडो पडसाद आहेत. निर्गम, यहेज्केल, दानीएल, जखऱ्या न वाचता ते उघडलं, की रिकाम्या जागा माणूस वर्तमानपत्रातल्या बातम्यांनी भरतो.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते कामाच्या जागेकडं. हिशेबनीसाला साहेब सांगतो, हा आकडा बदल. परिचारिकेला माहीत असतं की रुग्णाच्या घरच्यांना पूर्ण सत्य सांगितलेलं नाही. शिक्षिकेला गुण वाढवायचा दबाव येतो. दुकानदाराला उधारी बुडवणाऱ्याला क्षमा करायची की वसुली करायची, हे कळत नाही. पाळकांनी यातलं बरंचसं कधी अनुभवलेलं नसतं, त्यामुळं उपदेशात ते येत नाही, आणि सभासदाला वाटू लागतं की विश्वास रविवारचा आणि बाकीचे सहा दिवस वेगळ्या नियमांचे. दर महिन्याला एक बैठक पूर्णपणे अशा एका प्रसंगाला द्या. ज्याचा प्रसंग त्यानं दहा मिनिटांत तो सांगायचा. सल्ला लगेच कोणी द्यायचा नाही. आधी विचारायचं: इथं कोणाचं नुकसान होतंय, भीती कशाची आहे, शास्त्रातला कोणता प्रसंग याच्याजवळ जातो आणि कुठं तो वेगळा पडतो. वर्गात बोललेलं बाहेर जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. तो एकदा मोडला तर ही बैठक पुन्हा उभी राहत नाही.

शिकवावं कोणी? पाळकांनी सुरुवातीच्या बैठकीत येऊन आशीर्वाद द्यावा, वाचनाची यादी बघावी, अडलेल्या प्रश्नांना महिन्यातून एकदा वेळ द्यावा. पण नेहमीचा वर्ग त्यांनी चालवू नये, असं माझं मत आहे. पाळक समोर असले की माणसं बरोबर उत्तर शोधतात, आणि आपल्याला हवा असतो तो त्यांचा खरा प्रश्न. दोन जणांची जोडी नेमा: एक वाचनात मुरलेला, दुसरा माणसं जोडणारा. त्यांच्या हाती एक अभ्यासाचं बायबल, एक शब्दसूची (कोणता शब्द शास्त्रात कुठं येतो ते दाखवणारी), एक बायबलकोश आणि मंडळीच्या इतिहासाचं एक सरळ पुस्तक असलं की पहिल्या वर्षाला पुरतं. चर्चा भरकटली तर त्यांनी एवढंच विचारायचं: “हे उताऱ्यात कुठं दिसतं?” या प्रश्नानं वर्गातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस आणि सर्वांत बुजरी मुलगी एकाच पातळीवर येतात.

ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचनाचा सराव नाही, त्यांना बाहेर ठेवू नका. पौलाची पत्रं मंडळीत मोठ्यानं वाचून दाखवायला लिहिलेली होती. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी तसं सांगितलेलंच आहे. ध्वनिमुद्रित बायबल फोनवर मिळतं. अशी माणसं ऐकलेला उतारा पुन्हा सांगतात तेव्हा वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले तपशील त्यांच्याकडून येतात.

मतभेदांबद्दल थोडं. बालकांचा बाप्तिस्मा, आत्म्याची दानं, स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा हे विषय येणारच. तुमच्या मंडळीची भूमिका काय आहे आणि कशामुळं, ते स्पष्ट शिकवा. मात्र आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं विद्यार्थ्याला अशा शब्दांत मांडता आलं पाहिजे की ते मानणारा माणूस म्हणेल, हो, मी हेच मानतो. हे जमेपर्यंत खंडन करायची मुभा नाही. वडीलधाऱ्यांना ज्या फाटे फोडण्याची भीती असते, ती यानं बरीच कमी होते.

आणि शिकल्यानं विश्वास ढळेल ही भीती? माझ्या पाहण्यात विश्वास ढळतो तो प्रश्न एकट्यानं, उशिरा आणि अपराधी वाटत विचारावा लागला की. “आम्ही इतकी प्रार्थना केली तरी तो का गेला?” असं कोणी वर्गात विचारलं, तर उत्तराची घाई करू नका. स्तोत्र 88 उघडा आणि सावकाश वाचा. त्यात शेवटी आभार नाहीत, वळण नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाला उद्देशून आहे आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. विचारणाऱ्याला त्या दिवशी एवढं कळलं तरी पुष्कळ झालं, की हे बोलायला शास्त्रात जागा आहे.

प्रमाणपत्राला माझा विरोध नाही. वर्ष पूर्ण केलेल्याचं मंडळीसमोर कौतुक व्हावं. परीक्षा मात्र पाठांतराची नको: एक उतारा द्या आणि तो आजारी माणसाच्या खाटेशी बसून पाच मिनिटांत कसा सांगाल, ते करून दाखवायला सांगा. ज्याला पदवीच हवी आहे, त्यानं मान्यताप्राप्त सेमिनरीच्या बाह्य किंवा दूरस्थ अभ्यासक्रमाची चौकशी करावी, आणि फी भरण्याआधी ती पदवी कोण मान्य करतं हे लेखी विचारावं. नावापुढं लावायला पदव्या वाटणाऱ्या संस्थांची कमी नाही.

शेवटी, पहिल्या महिन्यात काय करायचं. आत्ता अभ्यासक्रम छापू नका, समितीही नेमू नका. एक संध्याकाळ ठरवा आणि मार्ककृत शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचा, चार-पाच जणांनी आळीपाळीनं. साधारण दीड ते दोन तास लागतात. मध्ये कोणी स्पष्टीकरण द्यायचं नाही. वाचून झालं की प्रत्येकाला एक कागद द्या आणि मनात आलेला एक प्रश्न नाव न घालता लिहायला सांगा. ते कागद घरी नेऊन गट चालवणाऱ्या दोघांनी एकत्र बसून वाचावेत आणि पहिल्या तीन महिन्यांच्या बैठका त्यांवरूनच आखाव्यात.